शेतातल्या उंदरांचे क्रोमोसोम कसे बघायचे: नाशिक भागात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

एमएस्सी झूऑलॉजीला प्रोजेक्ट म्हणून सायटोजेनेटिक्स (पेशीतल्या क्रोमोसोमचा अभ्यास) घेतलंय, गाईड म्हणाले की बिळात राहणाऱ्या दोन-तीन जवळच्या जाती घ्या आणि त्यांचे क्रोमोसोम ताडून बघा, आणि आता सुरुवात कुठून करायची तेच कळत नाहीये, असं झालं असेल तर हे तुमच्यासाठी लिहितोय. हे काम मी नाशिक, निफाड, दिंडोरी भागातल्या उंदरांवर केलंय. पुस्तकात प्रोटोकॉल एका पानात संपतो, पण शेतापासून मायक्रोस्कोपपर्यंत जायला बरंच काही मध्ये असतं जे कोणी सांगत नाही.

१. आधी डोक्यात पक्कं करा की मोजायचंय काय

नवीन माणूस नुसता आकडा शोधतो, ह्याचे ४०, त्याचे ४२, झालं. पण आकडा सगळ्यात कमी सांगतो. आकडा सारखा असून क्रोमोसोम वेगळे असू शकतात, आणि आकडा वेगळा असून मजकूर जवळपास तोच असू शकतो.

दुसरी गोष्ट आधी घेऊ. एकाच बाजूला बाहू असलेले दोन क्रोमोसोम (ॲक्रोसेंट्रिक) सेंट्रोमिअरच्या (क्रोमोसोमवरचा चिमटल्यासारखा सांधा, बाहू तिथून निघतात) टोकाला जोडले गेले की दोन्हीकडे बाहू असलेला एक मोठा क्रोमोसोम तयार होतो. दोन काड्या टोकाला टोक लावून बांधल्या तर काडी एक झाली पण लांबी तेवढीच राहिली, तसंच. ह्याला रॉबर्टसोनियन फ्यूजन म्हणतात, रॉबर्टसनने १९१६ मध्ये टोळांवर काम करताना दाखवलं होतं. त्यामुळे मोजताना नेहमी दोन आकडे लिहा, एक क्रोमोसोमची संख्या आणि दुसरा एकूण बाहूंची संख्या. घरातला काळा उंदीर, रॅटस रॅटस, ह्याचं आपल्या भागातलं रूप ३८ चं आहे, श्रीलंकेत ४० चं सापडतं आणि पूर्व आशियातल्या त्याच्या नातेवाईकात ४२ असतात, आणि हा सगळा फरक दोन फ्यूजनचा आहे, ४ आणि ७ नंबरचे एकत्र, ११ आणि १२ नंबरचे एकत्र. बाहू मोजले की हिशोब जुळतो.

आता पहिली गोष्ट. आपल्या शेतातला छोटा उंदीर मस बूडुगा, त्याचे ४०. त्याचा अगदी जवळचा भाऊ मस टेरिकलर, त्याचेही ४०. घरातला मस मस्क्युलस, तोही ४०. आकड्यावर थांबलात तर तिघे एकच वाटतील. पण बूडुगाचे सगळे क्रोमोसोम ॲक्रोसेंट्रिक, आणि टेरिकलरचा एक्स मोठा, दोन्हीकडे बाहू असलेला. वर टेरिकलरच्या काही वस्त्यांमध्ये १, ३ आणि ६ नंबरच्या जोड्यांवर हेटरोक्रोमॅटिनचे छोटे जास्तीचे बाहू दिसतात (हेटरोक्रोमॅटिन म्हणजे घट्ट गुंडाळलेला, त्याच त्या ओळी पुन्हापुन्हा असलेला डीएनए, जीन्स त्यात फार कमी). ह्यावर बनारस हिंदू विद्यापीठात बरंच काम झालंय, प्रोजेक्टच्या प्रस्तावनेसाठी ते आधी वाचून घ्या. आणि ह्याच मस वंशातला काटेरी केसांचा मस प्लॅटिथ्रिक्स, त्याचे एकदम २६. दिसायला तिघे चौघे भाऊ, पण आतली मांडणी इतकी वेगळी.

बाकी आपल्याकडे सापडणाऱ्यांचे आकडे जवळ ठेवा म्हणजे स्लाईडवर काय अपेक्षित आहे ते कळेल. शेतातली लहान घूस बँडिकोटा बेंगालेन्सिस ४२, मोठी घूस बँडिकोटा इंडिका ४२, मऊ केसांचा मिलार्डिया मेल्टाडा ५०, गोलुंडा एलिओटी ५४, आणि जर्बिल म्हणजे टाटेरा इंडिका ६८.

गाईड विचारतील की बिळातले प्राणीच का. कारण ते फार लांब जात नाहीत, छोट्या छोट्या वस्त्या एकमेकांपासून तुटलेल्या राहतात, आणि अशा वस्तीत एखादा बदल योगायोगाने सगळ्यांमध्ये पसरून पक्का होऊ शकतो. ह्याचं गाजलेलं उदाहरण इस्राएलमधल्या आंधळ्या मोल रॅटचं, बाहेरून सारखेच पण ५२, ५४, ५८ आणि ६० अशा चार प्रकारचे, उत्तरेकडून कोरड्या दक्षिणेकडे जाताना आकडा वाढत जातो आणि जिथे दोन प्रकार भेटतात तिथे संकरांचा पट्टा अगदी अरुंद असतो. २००१ मध्ये ह्या चौघांना चार वेगळ्या जातींची नावं दिली गेली. दक्षिण अमेरिकेतल्या टुको-टुको नावाच्या बिळातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये तर एकाच वंशात १० पासून ७० पर्यंत. आणि एलोबियस ल्युटेसेन्स नावाचा एक बिळातला व्होल आहे त्याच्यात नर आणि मादी दोघांचेही १७, वाय क्रोमोसोमच नाही. हे तोंडी परीक्षेत सांगा, परीक्षक खूश होतात, पण तुमच्या प्रोजेक्टचा ह्याच्याशी संबंध एवढाच ठेवा की प्रश्न कसा विचारायचा ते कळावं.

२. परवानग्या, आणि हे आधी, नंतर नाही

उंदीर तर आहे, त्याला कसली परवानगी, असं बरेच जण म्हणतात. जुन्या वन्यजीव कायद्यात उंदीर पाचव्या अनुसूचीत म्हणजे उपद्रवी प्राण्यांमध्ये होते, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर ती वेगळी अनुसूची राहिलेली नाही. त्यामुळे जुने थिसिस बघून तसाच पॅरेग्राफ उतरवू नका, वन विभागाला कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या आणि लेखी उत्तर घ्या.

प्रयोगासाठी प्राणी वापरायचा तर संस्थेची प्राणी नैतिकता समिती लागते, आणि ती संस्था सीसीएसईएकडे (प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती, आधीचं नाव सीपीसीएसईए) नोंदलेली असावी लागते. इथेच बरेच प्रोजेक्ट अडकतात कारण साध्या सायन्स कॉलेजकडे नोंदणीकृत ॲनिमल हाऊस नसतं. उपाय म्हणजे जवळचं फार्मसी कॉलेज, त्यांच्याकडे बहुतेक वेळा असतं, गाईडकडून रीतसर सहकार्याचं पत्र करून घ्या. समितीची मीटिंग रोज होत नसते, म्हणून सेमिस्टर सुरू झालं की लगेच अर्ज टाका.

जवळ ठेवायची कागदपत्रं:
- समितीने मंजूर केलेला प्रोटोकॉल (फॉर्म बी), त्यात प्राण्यांची संख्या, जात, भूल आणि मारण्याची पद्धत स्पष्ट लिहिलेली
- कॉलेजचं पत्र आणि ओळखपत्र
- वन विभागाशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत
- शेतमालकाची लेखी संमती, साधी दोन ओळींची चालते
- दोन कॉलेज मिळून करत असाल तर सहकार्याचं पत्र

मंजुरीत लिहिलंय तेवढेच प्राणी. दहा मंजूर असतील आणि पिंजऱ्यात अकरावा आला तर तो सोडायचा.

३. शेत आणि बीळ निवडणं

सगळ्यात चांगला काळ म्हणजे खरिपाची कापणी झाल्यावर ते गहू-हरभरा उभा असेपर्यंत. निफाडकडे ऊस आणि गव्हाचे बांध, दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कडा, इगतपुरी-त्र्यंबककडे भाताची खाचरं. काळ्या मातीला भेगा पडतात तिथे मिलार्डिया भेटण्याची शक्यता जास्त.

बीळ बघून आत कोण असेल त्याचा अंदाज येतो. तोंडाशी ताज्या मातीचा मोठा उकीर असेल, तोंड आतून मातीने बुजवलेलं असेल तर लहान घूस. तोंड उघडं, स्वच्छ, येण्या-जाण्याची वाट गुळगुळीत झालेली, कोरड्या जागेत, तर जर्बिल असू शकतो. बांधावर बोटभर भोक आणि शेजारी मुठीएवढी माती तर मस. नुसता अंदाज हा, खात्री प्राणी हातात आल्यावरच.

चालू बीळ कोणतं ते ओळखायची जुनी युक्ती शेतकरीच सांगतात, संध्याकाळी सगळी तोंडं चिखलाने बुजवा आणि सकाळी जी उघडी दिसतील ती चालू.

शेतकऱ्याला एक प्रश्न न विसरता विचारायचा: इथे औषध टाकलंय का. झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमॅडिओलोनचं आमिष ठेवलेल्या शेतात जाऊ नका. विष खाल्लेला उंदीर सहज हातात येतो म्हणून मोह होतो, पण क्रोमोसोम विभागणाऱ्या पेशीतच नीट दिसतात आणि त्याच्या हाडातल्या मज्जेतून धड तशा पेशी मिळत नाहीत आणि झिंक फॉस्फाईड पोटात गेल्यावर विषारी वायू सुटतो तो वेगळाच.

आणि बिळात हात घालायचा नाही, कधीच नाही. नाग आणि घोणस उंदरांच्याच मागावर असतात.

४. पकडणं आणि आणणं

शेर्मन ट्रॅप (पत्र्याचा पेटीसारखा सापळा) मिळाले तर उत्तम, नाहीतर भांड्यांच्या दुकानात मिळणारा तारेचा पिंजरा घुशीला चालतो, पण मससाठी त्याची जाळी मोठी पडते, उंदीर आरामात आमिष खाऊन बाहेर पडतो. आमिष म्हणून कांदाभजी, सुकं खोबरं किंवा शेंगदाण्याचा कूट आणि गूळ. संध्याकाळी लावा, उजाडायच्या आत बघा.

थंडीत पिंजऱ्यात गवत किंवा कापूस ठेवलाच पाहिजे. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो ते दरवर्षी पेपरात येतं, आणि दहा ग्रॅमचा उंदीर पत्र्याच्या ट्रॅपमध्ये रात्रभर राहिला तर सकाळी मेलेला सापडतो. मेलेल्या प्राण्यापासून हे काम होत नाही.

एका पिंजऱ्यात एकच. घुशी एकमेकींना फाडतात. सोबत काकडीचा तुकडा ठेवा म्हणजे पाण्याची सोय होते, पिंजऱ्यावर ओलं गोणपाट, आणि गाडीच्या डिकीत बंद करून आणू नका.

जाड ग्लोव्ह्ज, पूर्ण पँट, बूट. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, हाताला साधी चीर असली तरी पुरते. नंतर ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा की उंदरांचं काम करतोय, नाहीतर ते व्हायरल समजून सोडून देतात. पिसवांसाठी पिंजरा प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच लॅबमध्ये न्या.

५. प्राणी ओळखणं, ह्यात घाई नको

पहिलं म्हणजे तो उंदीरच आहे ना. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, उग्र वास, म्हणजे ती चिचुंद्री, ती उंदरांच्या गणातलीच नाही. सोडून द्या.

पाच मापं घ्या: डोकं-धड, शेपूट, मागचा पाय, कान, वजन. वरच्या पुढच्या कुरतडायच्या दातांवर उभी खाच आहे का बघा, जर्बिल आणि गोलुंडा दोघांना असते. जर्बिलच्या शेपटीच्या टोकाला काळा गोंडा आणि डोळे मोठे, गोलुंडाचे केस खरखरीत आणि ठिपकेदार, तो बिळापेक्षा झुडपात घरटं करून राहतो. मिलार्डियाचे केस हाताला मऊ लागतात आणि पायाच्या तळव्यावरच्या गाद्या इतर उंदरांपेक्षा कमी. लहान घूस म्हणजे बोथट तोंड, जाड बांधा, शेपूट धडापेक्षा आखूड, आणि डिवचलं की केस उभे करून गुरगुरते.

बूडुगा आणि टेरिकलर मात्र नुसतं बाहेरून बघून वेगळे करण्याच्या भानगडीत पडू नका. लेबलवर "मस, जात नक्की नाही" लिहा, फोटो काढा, आणि शेपटीचा किंवा यकृताचा छोटा तुकडा ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलमध्ये ठेवा म्हणजे पुढे सायटोक्रोम बी जीन वाचून खात्री करता येईल. कवटी आणि कातडं जपून ठेवा, नमुना नसेल तर सुंदर कॅरिओटाईपलाही (जोड्या लावून मांडलेल्या क्रोमोसोमच्या चित्रालाही) काही किंमत नाही कारण तो कोणाचा आहे हेच सिद्ध करता येत नाही. अडलं तर पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं केंद्र आहे.

६. सामान

कोल्चिसिन, पोटॅशियम क्लोराईड, मिथेनॉल, ग्लेशिअल ॲसेटिक ॲसिड, गिम्सा (क्रोमोसोम रंगवायचा रंग), पीएच ६.८ चा फॉस्फेट बफर, सेंट्रीफ्यूज, ३७ अंशाचं वॉटर बाथ, पाश्चर पिपेट, सिरिंज (मससाठी २६ गेजची सुई), चांगल्या स्लाईड आणि १०० एक्स ऑइल लेन्सचा मायक्रोस्कोप कॅमेऱ्यासकट. सी-बँडिंग (हेटरोक्रोमॅटिन गडद दाखवणारी रंगवण्याची पद्धत) करणार असाल तर बेरियम हायड्रॉक्साईड, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि एसएससी (मीठ आणि सोडियम सायट्रेटचं द्रावण). कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं, तुमच्याही, त्यामुळे ग्लोव्ह्जशिवाय नाही. आणि मिथेनॉल फ्यूम हूडमध्ये.

७. मज्जेपासून फिक्सेटिव्हपर्यंत

१. मंजूर प्रोटोकॉलप्रमाणे ०.०५ टक्के कोल्चिसिन पोटात, साधारण १०० ग्रॅम वजनाला १ मिली ह्या हिशोबाने, आणि दीड ते दोन तास थांबा. जास्त वेळ ठेवलं तर मेटाफेज (विभाजनात क्रोमोसोम सुटे, ठळक दिसतात त्या टप्प्यावरच्या पेशी) खूप मिळतात पण क्रोमोसोम आखडून बुटके होतात आणि छोटे बाहू दिसतच नाहीत. आपल्याला बाहूच मोजायचेत.

२. मससारख्या छोट्या प्राण्यात विभागणाऱ्या पेशी कमी मिळतात. आदल्या दिवशी बेकरीच्या यीस्टचं साखरपाण्यातलं द्रावण टोचलं की मज्जा कामाला लागते. जुनी, १९८० पासूनची पद्धत आहे, पण फॉर्म बीमध्ये लिहिलेली हवी.

३. मंजूर पद्धतीने भूल आणि मृत्यू. मांडीचं हाड काढा, दोन्ही टोकं कापा, ३७ अंशाच्या पोटॅशियम क्लोराईडने (०.०७५ मोलर, म्हणजे १०० मिलीत ०.५६ ग्रॅम) मज्जा ट्यूबमध्ये धुऊन काढा. मसमध्ये नडगीचं हाडही घ्या.

४. ३७ अंशावर २० ते २५ मिनिटं. पेशी पाणी पिऊन फुगतात. इथे मिनिटं महत्त्वाची, कमी झाली तर क्रोमोसोम एकावर एक, जास्त झाली तर पेशी आधीच फुटतात आणि आकडा चुकतो.

५. १००० आरपीएमला १० मिनिटं, वरचं पाणी काढा, तीन भाग मिथेनॉल एक भाग ॲसेटिक ॲसिडचं थंड फिक्सेटिव्ह (पेशी आहेत तशा पक्क्या करणारं द्रावण) थेंब थेंब टाकत ट्यूब टिचकीने हलवत राहा. एकदम ओतलं तर गोळा होतो आणि तो गोळा मग काही सुटत नाही. फिक्सेटिव्ह त्याच दिवशी बनवलेलं घ्या, कालचं नको, दोन्ही द्रव एकमेकांशी रिॲक्शन करतात आणि ताकद जाते. तीनदा बदला.

प्राणी न मारता करायचं असेल तर कानाच्या छोट्या तुकड्यातून फायब्रोब्लास्ट (कातडीखालच्या पेशी) वाढवता येतात, त्याला कल्चर लॅब म्हणजे पेशी वाढवायची लॅब लागते. तशी सोय असलेली लॅब मिळत असेल तर मी तोच रस्ता घ्यायला सांगेन.

८. स्लाईड टाकणं

प्रोटोकॉलमध्ये ह्याला एक ओळ असते आणि निम्मं काम इथेच बिघडतं. स्लाईड ॲसिडने धुतलेली, थंड पाण्यातून काढलेली, वरून थेंब, आणि वाळू द्या. पण वाळण्याचा वेग हवेवर ठरतो. फिक्सेटिव्ह सावकाश उडालं तर पेशी पसरते, झटकन उडालं तर क्रोमोसोम मध्येच गोळा होऊन राहतात आणि आजूबाजूला सायटोप्लाझमचा धूर दिसतो. नाशिकची जानेवारीतली कोरडी हवा म्हणजे दुसरा प्रकार, तेव्हा स्लाईड गरम पाण्याच्या वाफेवर धरून टाका किंवा खाली ओला टिश्यू ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं, पेशी इतकी पसरते की चार क्रोमोसोम शेजारच्या पेशीत जाऊन बसतात. पंचवीस अंशाच्या आसपास आणि पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रता असली की बरं जमतं, पाचशे-सातशे रुपयांचा हायग्रोमीटर टेबलावर ठेवा.

सगळं सस्पेन्शन एकदम टाकू नका. एक स्लाईड टाका, फेज काँट्रास्टमध्ये किंवा कंडेन्सर खाली करून बघा, जमलं तरच पुढची.

९. रंगवणं

साध्या मोजणीला बफरमध्ये ५ टक्के गिम्सा, १५ मिनिटं. आकडा आणि बाहू ह्यावरच मिळतात.

जवळच्या जाती वेगळ्या दाखवायच्या असतील तर सी-बँडिंग हवंच. ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड तासभर, मग ५ टक्के बेरियम हायड्रॉक्साईड ५० ते ६० अंशाला थोडी मिनिटं, मग टू-एक्स एसएससी ६० अंशाला तासभर, आणि गिम्सा. हेटरोक्रोमॅटिन गडद राहतं, बाकीचं फिकं. बेरियमची मिनिटं स्लाईडच्या वयावर बदलतात, म्हणून आधी टाकाऊ स्लाईडवर वेळ बसवा, आणि नंतर कोमट पाण्याने नीट धुवा, नाहीतर पांढरा थर बसतो आणि तो बँड म्हणून मोजला जातो. बूडुगा-टेरिकलरचा फरक ह्या स्लाईडवर दिसतो.

फ्यूजन कोणकोणत्या क्रोमोसोमचं झालंय हे सांगायला जी-बँडिंग, म्हणजे ट्रिप्सिन वापरून प्रत्येक क्रोमोसोमवर आडवे पट्टे दाखवणारं. नवख्याने दोन्ही एकाच सेमिस्टरला घेऊ नयेत असं माझं मत आहे.

१०. मोजणं

एका प्राण्याचे किमान २०-३० चांगले मेटाफेज मोजा आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला आकडा घ्या. ४२ च्या प्राण्यात ४१, ४०, ३९ असे आकडे येतच राहतात कारण पेशी फुटून क्रोमोसोम हरवतात, ते लगेच नवीन शोध म्हणून लिहू नका. नर आणि मादी दोन्ही घ्या, नाहीतर वाय कुठला ते ठरत नाही.

फोटोवर इमेजजे ह्या मापं घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये लांब बाहू भागिले छोटा बाहू करा. १.७ पर्यंत मेटासेंट्रिक, ३ पर्यंत सबमेटासेंट्रिक, ७ पर्यंत सबटेलोसेंट्रिक, त्यापुढे ॲक्रोसेंट्रिक, ही १९६४ ची लेव्हान आणि सहकाऱ्यांची पद्धत. बाहूंच्या एकूण संख्येत एक्स-वाय धरलेत की नाही ते स्पष्ट लिहा, जुन्या पेपरांमध्ये कोणी धरतात कोणी नाही आणि तुमचा आकडा जुळत नाही म्हणून उगाच डोकं फिरतं. जास्तीचा बाहू दिसला तर तो सी-बँडमध्ये पूर्ण गडद आहे का बघा. असेल तर तो हेटरोक्रोमॅटिनचा, फ्यूजनचा नाही, आणि दोन्हीचा अर्थ वेगळा.

११. उरलेलं जपणं

सस्पेन्शन फेकू नका, ताजं फिक्सेटिव्ह घालून घट्ट झाकणाच्या ट्यूबमध्ये उणे २० अंशाला ठेवलं तर खूप महिने चालतं, आणि पुन्हा स्लाईड टाकायच्या आधी एकदा फिक्सेटिव्ह बदलायचं. ट्यूबवर साध्या मार्करने लिहू नका, मिथेनॉल लागलं की अक्षर पुसतं. पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टेपखाली चिकटवा, त्यावर प्राण्याचा नंबर, गाव, तारीख, नर की मादी, आणि हाच नंबर कवटीवर, अल्कोहोलमधल्या तुकड्यावर आणि फोटोच्या फाईलवर.